पोतं लहान असलं की काटा कमीच दाखवतो

अगं ये, आत ये. पंख्याखाली बस. पोरगी झोपली ना? तिला त्या गादीवर ठेव, भिंतीकडच्या बाजूला. बघ, आत्ता ठेवताना तू एक हात तिच्या कुल्ल्यांखाली घेतलास आणि दुसऱ्यानं पाठ नि मान सावरलीस. काखेत धरून उचललं नाहीस. हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही. चार फ्रॅक्चरांनी शिकवलं.

चहा उकळेपर्यंत एक बोलते. काल तू जिन्यात ती डॉक्टरांची चिठ्ठी धरून उभी होतीस आणि म्हणालीस, "ताई, हाडं मोजून काय होणार? तुटायची ती तुटणारच." रात्री मला झोप आली नाही. नऊ वर्षांपूर्वी मी अगदी हेच म्हणाले होते. आणि असं म्हणून दोन वर्षं मोजमाप टाळलं. त्या दोन वर्षांत माझ्या लेकाच्या पाठीचे तीन मणके दबले, आणि मला आईला त्याचा पत्ता नाही. म्हणून आज तुला बोलावलं. तुझी सहा वर्षांची आहे. माझा तेव्हा पाच वर्षांचा होता.

आधी त्याचं पहिलं हाड कसं मोडलं ते ऐक, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. अडतीस दिवसांचा होता. मालीशवाली बाई यायची, माझ्या सासूबाईंच्या खात्रीची. आपल्याकडे करतात तसंच ती करायची. तेल चोळून झालं की उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असं ओढून लावायचं. त्या दिवशी तो किंचाळला आणि पाय हलवेना. मांडीचं हाड. दवाखान्यात मला एकटीला खोलीत घेऊन विचारलं, "कुणी पाडलं बाळाला? घरात मारहाण होते का?" त्यांचं विचारणं चूक नव्हतं, तान्ह्या बाळाची मांडी मोडली तर विचारलंच पाहिजे. पण त्या खोलीतून बाहेर येताना मी स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बाहेर आले. त्या मालीशवालीनंही पुढं वर्षभर आमच्या गल्लीत तोंड दाखवलं नाही. तिचा काय दोष गं? तिच्या हातून शंभर पोरं वाढलेली. आता कुणाच्या घरी तान्हं बाळ असलं आणि त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसला, की मी चोंबडेपणा म्हणा हवं तर, पण जाऊन सांगते, मालीश हलक्या हातानं करा, ओढाताण नको, आणि एकदा डॉक्टरांना दाखवा. लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून वर उचलायचे नाहीत, कुल्ल्यांखाली हात घालायचा. एवढं एक जरी घरोघरी पोचलं तरी किती हाडं वाचतील.

आपल्या पोरांच्या आजाराला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात, हे तुला आता पाठ झालंच असेल. डॉक्टर नुसतं ओआय म्हणतात. पंधरा-वीस हजार बाळांमागं एकाला होतो. पण ते हाड आतून कसं असतं, हे मला कोणत्याही डॉक्टरपेक्षा आमच्या ह्यांनी चांगलं समजावलं. तुला माहीत आहे, हे भुसार बाजारात तोलणार आहेत, चोवीस वर्षं पोती तोलतायत. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, हाडात दोन गोष्टी असतात, एक कोलॅजन नावाचा धागा आणि दुसरे त्यात बसलेले कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार. बाहेर आल्यावर हे म्हणाले, म्हणजे एक बारदान आणि एक माल. आपल्या पोराचा माल ठीक आहे, बारदानाचं सूतच कच्चं आहे. विणीत धागे कमी पडलेत किंवा वेडेवाकडे पडलेत.

मला ते लख्ख कळलं. आणि त्याबरोबर दुसरंही कळलं, की मी जे दूध, नाचणी, तीळ, डिंक कोंबत होते त्यानं बारदान बदलणार नव्हतं. कॅल्शियम कमी पडू द्यायचं नाही हे खरंच. तुझ्या पोरीच्या वयाला दिवसाला साधारण साडेपाचशे मिलिग्रॅम लागतं, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि दोन कप दूध ह्यांत ते आरामात भागतं. खाली भुसार बाजारात तीळ नि नाचणीची काय कमी! पण तुझ्या सासूबाई म्हणतात तसं "गरोदरपणी तू कॅल्शियमच्या गोळ्या टाकल्यास म्हणून असं झालं", हे साफ खोटं आहे. त्यांना सांगायचं धाडस नसेल तर मला सांग, मी येते बोलायला. हा जनुकाचा आजार आहे. बहुतेक पोरांत कोलॅजन बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात खोट असते, आणि कितीतरी वेळा ती त्या बाळातच पहिल्यांदा उपजते, आईबाप ठणठणीत असतात. काही प्रकारांत मात्र आई नि वडील दोघांकडून एकेक खोट येते, नात्यात लग्न झालेलं असलं तर ती शक्यता वाढते. तुझं लग्न आतेभावाशी झालंय, म्हणून डॉक्टरांनी जनुक तपासणीबद्दल विचारलं. तुला ते टोचलं, मला दिसलं. पण ते दोष शोधायला विचारत नव्हते. पुढच्या बाळाचा विचार करशील तेव्हा ते माहीत असणं तुझ्याच कामाचं आहे.

घे, चहा घे. बिस्किट? बरं राहू दे.

आता त्या डेक्सा स्कॅनचं. नाव ऐकून घाबरू नकोस. सीटीसारखा बोगदा नसतो, सुई नसते. एका टेबलावर पडायचं आणि वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो. किरण असतात, पण इतके थोडे की एक-दोन दिवसांत आपल्याला माती-आभाळातून आपोआप मिळतात साधारण तेवढेच. कण्याचा स्कॅन काही मिनिटांत होतो, सगळ्या अंगाचा थोडा लांबतो. पोरांत ह्या दोनच जागा बघतात, कमरेचा कणा आणि डोकं वगळून सगळं अंग. डोकं का वगळायचं, तर लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, कवटीच्या हाडानं आकडा फुगतो. म्हाताऱ्यांसारखं खुब्याचं मोजत नाहीत, कारण पोरांचा खुबा अजून घडतोय, त्याचा भरवसा नसतो.

आमचा पहिला स्कॅन आम्ही घाईत एका सेंटरवर करून घेतला. नाव नको. रिपोर्ट हातात आला, त्यावर लिहिलेलं, टी-स्कोअर उणे पाच, गंभीर ऑस्टिओपोरोसिस. मी त्या जिन्यातच खाली बसले. मला वाटलं, माझं पोर आता चालणार नाही. तीन दिवस मी त्याला कडेवरून उतरवलं नाही. चौथ्या दिवशी मुलांच्या हार्मोन्सच्या डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, हा मापाचा काटाच चुकीचा लावलाय. टी-स्कोअर म्हणजे तिशीतल्या तरण्या माणसाच्या हाडाशी तुलना. सात वर्षांच्या पोराची तुलना तिशीतल्या माणसाशी केली तर काय येणार? मुलांचा लागतो तो झेड-स्कोअर, त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी. शून्य म्हणजे सरासरी, आणि उणे दोनच्या खाली गेलं तर वयाच्या मानानं कमी. तेव्हा उद्या रिपोर्ट हातात आला की आधी ते अक्षर बघ. टी दिसलं तर तिथंच विचार, झेड कुठं आहे. एका अक्षरापायी तीन दिवस रडू नकोस.

आणि झेडसुद्धा जसाच्या तसा घ्यायचा नाही. ह्यांना हे कसं कळलं ते ऐक. डॉक्टर सांगत होते, यंत्र हाडातले क्षार ग्रॅममध्ये मोजतं आणि हाडाच्या सावलीच्या क्षेत्रफळानं भागतं, म्हणून आकडा ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर असा येतो. हे मध्येच म्हणाले, "साहेब, मग जाडी कुठं गेली? समोरून पोतं बघून जाडी कळत नाही." डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. ह्यांनी तिथंच टेबलावर बोटानं काढून दाखवलं. एक पोतं घ्या आणि त्याच्या सगळ्या बाजू निम्म्या असलेलं दुसरं घ्या. दोन्हीत तोच गहू, तितकाच ठासून. आता समोरून दिसणाऱ्या एकेका चौरस फुटामागं किती वजन भरतं ते बघा. लहान पोत्याचं निम्मंच भरणार, कारण त्याची खोलीही निम्मी. माल पातळ भरलेला नाही, पोतं लहान आहे.

आपली पोरं बुटकी असतात गं. माझा नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याची उंची सहा वर्षांच्या पोराएवढी होती. त्याचा झेड वयाच्या हिशेबानं उणे 3.8 आला. तोच आकडा उंचीच्या हिशेबानं दुरुस्त केला तेव्हा उणे दोनच्या आत आला. उणे 3.8 ऐकून आई आणि उणे 1.9 ऐकून आई, ह्या दोन वेगळ्या बायका असतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "उंचीचा हिशेब धरलाय का?" लाजायचं नाही. हा प्रश्न विचारल्यावर ते तुझ्याशी वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक, ह्याचा मला पुणेकरीण म्हणून अभिमान वाटतो. ही यंत्रं बाहेरून येतात, त्यांच्यात भरलेली तुलनेची मुलंही बहुतेक तिकडचीच. आपली मुलं त्यांच्यापेक्षा बारीक, ठेंगणी. मग चांगल्या पोरालाही यंत्र कमी दाखवतं. तर आपल्या इथं, ससून रोडवर जहांगीर हॉस्पिटलची हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्था आहे, तिथल्या डॉ. अनुराधा खाडिलकर, डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या शाळांमधल्या 5 ते 17 वर्षांच्या नऊशेहून जास्त निरोगी मुलामुलींची हाडं ह्याच डेक्सानं मोजली आणि 2011 साली भारतीय मुलांचे तक्ते छापले. आपल्या पोरांची तुलना आता आपल्याच पोरांशी होऊ शकते. त्याच संस्थेच्या लोकांनी वस्तीतल्या लहानग्यांना कॅल्शियम नि डी जीवनसत्त्व घातलेले लाडू देऊन त्यांच्या हाडात भर पडते का, हेही मोजलं होतं. लाडू! मला ते फार आवडलं. औषधाची बाटली नाही, लाडू. म्हणून रिपोर्टवर तुलना कुठल्या मुलांशी केलीय, भारतीय तक्त्याशी की यंत्रातल्या आयत्या आकड्यांशी, तेही विचार. आणि पुढच्या वेळी त्याच सेंटरवर, त्याच यंत्रावर जा. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सहा महिने ते वर्ष, ह्याच्या आत परत करण्यात अर्थ नाही, एवढ्या थोड्या काळातला फरक खरा की काट्याचा हेलकावा हे सांगता येत नाही.

आता मी ज्यासाठी तुला बोलावलं ते. चिठ्ठीवर दुसरी ओळ आहे बघ, कण्याचा एक्स-रे, बाजूनं. ही ओळ गाळू नकोस. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, पण हा एक्स-रे गाळू नकोस.

हात मोडला तर पोर रडतं, पाय मोडला तर उभं राहत नाही. मणका दबला तर बऱ्याचदा काहीच होत नाही. माझा फक्त म्हणायचा, "आई, शाळेत बसून पाठ दुखते." मला वाटलं, बाक वाईट आहे. शर्ट लांब वाटायला लागला, मला वाटलं, मीच मोठा आणला. नंतर एक्स-रे लावून दाखवला तेव्हा दिसलं, चौकोनी विटा असाव्यात तसे मणके असतात, त्यातल्या तिघांची पुढची बाजू दबून पाचर झालेली. आणि ऐक, असा दबलेला मणका डेक्सात उलट चांगला दिसू शकतो, कारण तेवढाच माल कमी जागेत चेपला जातो आणि आकडा वाढतो. म्हणजे नुसत्या स्कॅनवर विसंबलीस तर वाईट बातमी चांगल्या आकड्याच्या वेषात येते. म्हणूनच मुलांत नुसत्या आकड्यावरून कुणी ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाही. मोठी दुखापत नसताना मणका दबला, तर आकडा काहीही असो, तेवढं पुरतं. नाहीतर कमी आकड्याच्या जोडीला हातापायांच्या लांब हाडांची फ्रॅक्चरं बघतात, दहा वर्षांच्या आत दोन किंवा एकोणिसाच्या आत तीन. आपल्या पोरांचा आजार तर आधीच ठरलेला असतो, तो कळायला आकड्याची गरज नसते. आकडा लागतो तो औषध द्यायचं का, किती अंतरानं, आणि लागू पडतंय का, हे बघायला.

"मोजून काय होणार" असं तू विचारलंस ना, त्याचं उत्तर ह्या मणक्यांत आहे. पोर वाढतंय तोवर दबलेला मणका औषधाच्या आधारानं पुन्हा आकार धरू शकतो. मोठ्या माणसाचा दबलेला मणका दबलेलाच राहतो. आपल्या हातात पोराची वाढीची वर्षं तेवढी आहेत. मी त्यातली दोन घालवली. माझ्या लेकाला पुढं सलाईनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू केलं, आणि आज चौदाव्या वर्षी तीनपैकी दोन मणके जवळजवळ चौकोनी झालेत. तिसरा तसाच राहिला. वेळेत गेले असते तर तिसराही सुधारला असता का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. विचारणारही नाही.

ते सलाईनचं औषध बिस्फॉस्फोनेट जातीचं. 1998 साली कॅनडात माँट्रिअलच्या डॉक्टरांनी मुलांवरचे ह्याचे निकाल छापले आणि मग जगभर ते द्यायला लागले. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं, त्यामुळं आकडा वर चढतो, मणके सावरतात, दुखणं कमी होतं. हातापायांची फ्रॅक्चरं मात्र प्रत्येकाचीच कमी होतात असं नाही. बारदानाचं सूत तेच राहतं ना. म्हणून आकडा सुधारला की पोराला लगेच सायकलवर सोडायचं नाही, आणि एखादं हाड मोडलं तर औषध फुकट गेलं असंही म्हणायचं नाही. पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. घाबरू नकोस, पण डॉक्टरांना कळव. औषधाआधी रक्तातलं कॅल्शियम नि डी जीवनसत्त्व पुरेसं आहे ना हे बघावंच लागतं, नाहीतर कॅल्शियम एकदम खाली येतं, पोराचे हातपाय आखडतात. चिठ्ठीवरच्या रक्ताच्या तपासण्या त्यासाठी आहेत, आणि हा मुडदूस तर नाही ना, हे बघायलाही. आपल्या पोरांचं रक्त बहुतेकदा चांगलंच येतं. "सगळं नॉर्मल आलं, मग पोर का मोडतं" असं म्हणून तुझ्या दिरानं तपासण्याच बंद करा म्हटलं होतं ना? त्याला सांग, रक्त बारदानाचं सूत दाखवत नाही.

एक गंमत दाखवू? थांब, कपाटात आहे. हा बघ गुडघ्याचा एक्स-रे. हाडाच्या टोकाजवळ ह्या पांढऱ्या आडव्या रेघा दिसतात का, एकीखाली एक? प्रत्येक सलाईनची एक रेघ. झाडाच्या बुंध्यात वर्षं दिसतात तशी. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तेवढ्या काळात हाड किती वाढलं ते. मी रेघा मोजून सांगू शकते कुठलं सलाईन दिवाळीतलं आणि कुठलं त्याच्या परीक्षेच्या आधीचं.

आणि हा त्याच्या मांडीतला रॉड. पुढंमागं तुझ्या पोरीलाही घालावा लागला तर लक्षात ठेव, धातू डेक्सात हाडासारखाच चमकतो आणि आकडा खोटा फुगवतो. स्कॅन करणाऱ्याला आधी सांगायचं, कुठल्या पायात काय आहे, म्हणजे ती बाजू ते हिशेबातून काढतात. प्लास्टर असेल तेव्हाही तेच. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे लिहिलाय, तो हाडाचं वय बघायला.

ह्या सगळ्या यंत्रांत न दिसणारी एक गोष्ट आहे, तिचं मोजमाप मात्र तुझ्या घरातच होतं. ताकद. आपल्या ह्या मार्केट यार्डातले हमाल बघ. पन्नास किलोच्या वर पोतं नको म्हणून किती भांडले ते, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं जन्म घालवला त्यात. जास्त ओझ्यानं पाठ मोडते. पण ज्या हाडावर कधीच ओझं येत नाही ते पोकळ होत जातं, हेही तितकंच खरं. स्नायू ओढतात तेव्हा हाड जाड होतं. आपण भीतीपोटी पोराला पांघरुणात ठेवतो, प्लास्टर निघालं तरी महिनाभर उठू देत नाही, मग स्नायू वाळतात, हाड आणखी पातळ होतं, आणि पुढचं फ्रॅक्चर पलंगावरून कूस बदलताना होतं. हे चक्र मी स्वतः फिरवलंय. म्हणून फिजिओथेरपिस्टकडं जा, हाताची पकड मोजायला सांग, जमिनीवरून उठायला किती सेकंद लागतात ते बघायला सांग. पाण्यात घाल पोरीला, पाण्यात पडण्याची भीती नाही आणि अंग मात्र काम करतं. माझा लेक पोहायला लागला त्या वर्षी पहिल्यांदा बारा महिने प्लास्टरशिवाय गेले.

आणि वही. ही माझी. पहिली पानं बघू नकोस, अश्रूंनी शाई पसरलीय. ह्यांनी आडत्याच्या पट्टीसारखे रकाने आखून दिले. तारीख, कुठलं हाड, कुठली बाजू, कसं मोडलं. 'कसं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जिन्यावरून पडून मोडलेलं हाड आणि मोजा ओढताना मोडलेलं हाड, डॉक्टरांच्या लेखी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग दर तीन महिन्यांनी उंची, वजन, आणि भिंतीला पाठ लावून बसवून बसायची उंची. पाय वाढतायत आणि बसायची उंची थांबलीय, असं दिसलं तर कण्याकडं बघायची वेळ आली. वाकवून पाठीमागून बघायचं, एक बाजू वर येतेय का. दात, तपकिरी किंवा काचेसारखे दिसतात का. कान, शाळेत गेल्यावर एकदा तपासून घ्यायचे, ह्या आजारात ऐकू कमी येऊ शकतं. सतत मागून डोकं दुखतं म्हणाली तर लगेच दाखवायचं. यंत्रावर वर्षातून दहा मिनिटं, वही मात्र तीनशे पासष्ट दिवस. डॉक्टर पहिल्यांदा माझी वही मागतात, मग रिपोर्ट.

दिव्यांग प्रमाणपत्राचं नंतर बोलू, त्याला वेळ लागतो. ते कमीपणाचं नाही, 2016 च्या कायद्यानं पोरीचा हक्क आहे. शाळेत जिना चढून वरच्या वर्गात न पाठवण्यासाठी तो कागद उपयोगी पडतो.

रडतेस? रड. माझ्यासमोर रड. तिच्यासमोर प्रत्येक वेळी नको, कारण माझ्या लेकानं मला आठव्या वर्षी सांगितलं होतं, "आई, मोडल्यावर मला दुखतं त्यापेक्षा तू किंचाळतेस त्याची भीती जास्त वाटते."

बरं, उद्याचं ठरवू. आज रात्री तिला झोपवताना खेळ म्हणून पाच मिनिटं न हलता उताणी पडायला शिकव, पायाखाली उशा ठेव, तिथंही कण्याच्या स्कॅनला पाय असेच ठोकळ्यावर ठेवतात. हलली तर परत करावं लागतं. कॅल्शियमची गोळी उद्या सकाळी देऊ नकोस, पोटात विरघळली नसेल तर कण्यासमोर ठिपका दिसतो. कपडे नाडीचे, चेन-बटण-हूक नको. पैंजण, कमरेची साखळी, गळ्यातला ताईत सगळं घरी काढून ठेव. ताईत काढायला सासूबाई नाही म्हणतील, त्यांना सांग, तासाभरात परत बांधते. टेबलावर तिला चढवायला दुसऱ्या कुणालाही हात लावू देऊ नकोस, "मी ठेवते" असं सरळ म्हण. आत्ता गादीवर ठेवलीस तशीच.

जुने सगळे एक्स-रे एका पिशवीत भर, तारखेप्रमाणे. रिक्षा गंगाधामच्या बाजूनं घेऊ, यार्डाच्या गेटवर सकाळी टेम्पोंची गर्दी असते आणि गचके फार बसतात. आठ वाजता खाली ये. मी वही घेऊन उभी असते.